दोर आणि दार

रेवस बंदराचे नाव निघाले की जुन्या पिढीच्या कोकणी माणसाला 'रामदास' बोट आठवते. १७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढ सरत आला होता, अमावास्येचा सण तोंडावर होता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ एका अंगावर कलली आणि पाहता पाहता बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. देशाचे स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबईच्या दारात घडलेली ही गोष्ट मुंबईला कळेपर्यंत दिवस कलला. सरकारच्या आधी तेथे पोचले ते रेवसकडचे कोळी. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या त्यांच्या मचव्यांनी मासळी समुद्रात ओतली आणि मोकळ्या झालेल्या जागेत माणसे घेतली, ही आठवण ह्या किनाऱ्यावर अजून सांगितली जाते.

ओतून दिलेली ती मासळी माझ्या मनात घर करून राहिली आहे. कोळ्याच्या घरी ती कित्येक दिवसांची चूल असते. शिवाय तो जुलै फाळणीचा होता. समोरचा माणूस कोणत्या धर्माचा, हा प्रश्न देशाच्या दोन्ही टोकांना सुरी हातात घेऊन विचारला जात होता. मध्यंतरी रेवसच्या धक्क्यावर एका वृद्ध तांडेलाशी ह्यावर बोलणे निघाले. त्याच्या वडिलांच्या पिढीतील ती गोष्ट. मी म्हणालो, "काका, दिवस असे होते. कोणीच काही विचारले नसेल?" जाळ्याची गाठ सोडता सोडता तो म्हणाला, "दोर टाकताना मानसाचा तोंड कोन बगतो, फादर?"

'रामदास'ची आठवण काढण्याचे कारण निराळे आहे. भूमध्य समुद्रातून होड्यांत बसून येणाऱ्या माणसांविषयी युरोपातील सरकारे जी धोरणे आखीत आली, त्यांची चर्चा आपल्या ख्रिस्ती समाजातही होते, आणि तिला पोप फ्रान्सिस हे एक निमित्त झाले. निवड झाल्यावर रोमबाहेरची त्यांची पहिली भेट लांपेदुसा ह्या इटलीच्या चिमुकल्या बेटाला होती. ८ जुलै २०१३ रोजी तेथे त्यांनी बुडालेल्यांसाठी समुद्रात पुष्पचक्र सोडले आणि फुटक्या होड्यांच्या लाकडातून घडवलेला चषक हाती घेऊन मिस्सा अर्पण केली. तेव्हापासून कितीतरी भाविकांनी मला विचारले आहे, "फादर, असे परक्यांना आत घेत राहिले तर त्या देशांचे काय व्हायचे?" विचारणारी माणसे निर्दय नाहीत. त्यांतील काहींची स्वतःची मुले आखातात आहेत, काहींची कॅनडाच्या व्हिसाची वाट पाहत आहेत, ही गोष्ट वेगळी. पण ह्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. समुद्रात दोर टाकणे हे एक आणि घराचे दार उघडणे हे दुसरे. सरकारांनी काय केले हे समजून घ्यायचे तर हे दोन धागे वेगळे करून पाहावे लागतात.

दोराविषयीचा कायदा स्पष्ट आहे. 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर सुरू झालेल्या करारांपासून १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारापर्यंत तो पुन्हा पुन्हा लिहिला गेला. समुद्रात ज्याचा जीव धोक्यात आहे असा जो कोणी आढळेल त्याला, स्वतःच्या जहाजाला गंभीर धोका नसेल तर, कप्तानाने साहाय्य केलेच पाहिजे. 'जो कोणी' म्हणजे त्याच्याजवळ कागद असोत वा नसोत. २००६ पासून अमलात आलेल्या दुरुस्त्यांनी पुढची पायरी घातली. ज्या राष्ट्राच्या शोध व बचाव क्षेत्रात माणसे सापडली, त्याने त्यांना सुरक्षित ठिकाणी उतरवण्याची व्यवस्था पाहावी. माल्टाने ह्या दुरुस्त्या स्वीकारल्या नाहीत. दाराविषयी मात्र प्रत्येक राष्ट्राचे आपापले नियम. त्यांत युरोपने एक गुंता करून ठेवला. १९९० च्या डब्लिन करारापासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे, आश्रय मागणारा माणूस ज्या देशात प्रथम पाऊल ठेवील त्या देशाने प्रामुख्याने त्याची जबाबदारी घ्यावी. जर्मनीला वा डेन्मार्कला आफ्रिकेचा किनारा लागत नाही. इटली, माल्टा, ग्रीस ह्यांना लागतो. म्हणजे दोर टाकणाऱ्याच्याच गळ्यात दार बांधले गेले. तेथून पुढे दोर टाकणाऱ्याचा हात कचरू लागला.

हात कसा कचरतो, ह्याचे उदाहरण सिसिलीच्या आग्नेय टोकावर आहे. पोर्तोपालो हे कोळ्यांचे गाव, आपल्या रेवस-बोडणीसारखेच. १९९६ च्या नाताळच्या रात्री माल्टा आणि सिसिली ह्यांच्या दरम्यान मोठ्या जहाजावरून लहान तारवात उतरवलेली माणसे तारवासकट बुडाली. किमान २८३. ती भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका ह्या देशांतली होती, आणि आपल्या देशातील बहुतेक पंजाबची. आदल्याच मध्यरात्री जगभरच्या चर्चमध्ये, सरायीत जागा न मिळालेल्या एका कुटुंबाची हकीकत वाचली गेली होती. वाचलेल्यांना दलालांनी ग्रीसच्या किनाऱ्यावर सोडले. त्यांनी सांगितलेली कहाणी सरकारी दप्तराने मानली नाही. बुडालेले तारू कोठे आहे? प्रेते कोठे आहेत?

प्रेते पोर्तोपालोच्या कोळ्यांच्या जाळ्यांत येत होती. आणि कोळी ती पुन्हा समुद्रात सोडीत होते. प्रेत बंदरात आणले तर चौकशी, चौकशी म्हटली की होडी अडकणार, होडी अडकली की हंगाम बुडणार. सारे गाव जाणून होते आणि सारे गाव गप्प होते. पाच वर्षांनी, २००१ मध्ये, जाळ्यात आलेल्या एका तरुण श्रीलंकन तमिळ मुलाच्या ओळखपत्रामुळे एका कोळ्याचे मन राहीना. त्याने 'ला रेपुब्लिका' ह्या दैनिकाचे पत्रकार जोव्हान्नी मारिया बेल्लू ह्यांना जागा दाखवली. पाण्याखाली कॅमेरा सोडला गेला आणि तारू व सांगाडे जगाने पाहिले. इकडे कोळ्यांनी जिवंत माणसांसाठी मासळी टाकली, तिकडे कोळ्यांनी मासळीसाठी मेलेली माणसे टाकली. पण पोर्तोपालोचे कोळी रेवसच्या कोळ्यांहून वाईट होते असे मला वाटत नाही. 'रामदास'च्या वेळी मचवा जप्त होईल ही भीती कोणाच्या मनात नव्हती, एवढा फरक मला दिसतो, आणि तो फरक सरकारने घडवलेला आहे. ८ ऑगस्ट २००७ रोजी ट्युनिशियाच्या सात कोळ्यांनी चाळीसहून अधिक माणसांना बुडताना वाचवून लांपेदुसाला आणले, तेव्हा त्यांनाच अटक झाली आणि बेकायदा स्थलांतराला मदत केल्याचा खटला भरला गेला. सर्वांची निर्दोष सुटका व्हायला २०११ साल उजाडले. कोळ्याला एवढा एक खटला पुरतो. पुढच्या वेळी तो दुरून पाण्यावर काही हलताना पाहील आणि सुकाणू वळवील.

इटलीच्या सरकारचे चरित्र मात्र एकरंगी नाही. मी त्याला दोष देताना थबकतो तो ह्यामुळेच. २०१३ चा ऑक्टोबर पाहा. ३ तारखेला लांपेदुसाच्या अगदी जवळ ३६८ माणसे बुडाली. आठवड्याने, ११ तारखेला, सीरियन कुटुंबांनी भरलेल्या एका होडीतून एक डॉक्टर रोमच्या बचाव केंद्राला उपग्रह दूरध्वनीवरून पुन्हा पुन्हा विनवीत होता. त्याला उत्तर मिळाले की माल्टाला कळवा. होडी लांपेदुसापासून ६१ सागरी मैलांवर आणि माल्टापासून ११८ मैलांवर होती. इटलीच्या नौदलाचे 'लिब्रा' हे जहाज जवळपासच्या पाण्यात होते. त्याला वेळेवर पुढे धाडले गेले नाही. जागा कोणाच्या क्षेत्रात येते ह्याची देवघेव तासन्‌तास चालली आणि तेवढ्यात होडी उलटली. २६० हून अधिक माणसे गेली, त्यांत सुमारे साठ मुले. रोमच्या न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरील खटला मुदतबाह्य ठरवून मिटवला.

आणि ह्याच सरकारने, ह्याच महिन्यात, १८ ऑक्टोबरला, 'मारे नोस्त्रुम' ही मोहीम सुरू केली. 'आपला समुद्र' हे प्राचीन रोमनांनी भूमध्य समुद्राला दिलेले नाव. साम्राज्याच्या गर्वाचा तो शब्द इटलीच्या नौदलाने वर्षभर वेगळ्याच अर्थाने वापरला. युद्धनौका किनारा सोडून खोल पाण्यात गेल्या आणि सुमारे दीड लाख माणसे बाहेर काढली. खर्च महिन्याला ९० लाख युरोंच्या घरात होता. इटलीने इतर राष्ट्रांना म्हटले, हा भार वाटून घ्या. फारसा कोणी वाटून घेतला नाही. एक वर्ष होताच मोहीम थांबली आणि तिच्या जागी युरोपीय संघाची 'ट्रायटन' आली, आरंभी तिच्या एक-तृतीयांश खर्चात आणि मुख्यतः सीमेवर पहारा ठेवण्यासाठी. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारने उघडपणे सांगितले की अशा बचावमोहिमांना आपण पाठिंबा देणार नाही, कारण माणसे वाचतात हे कळले की आणखी माणसे निघतात.

ह्या वाक्यापाशी मी बराच काळ थांबलो आहे. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हांला शिकवले होते की चांगल्या हेतूसाठीही वाईट साधन वापरता येत नाही, आणि माणूस हे तर साधन कधीच नसते. दार बंद ठेवणे हा हेतू एकवेळ मान्य करू. पण पुढच्याने निघू नये म्हणून आजच्याला बुडू द्यायचे, म्हणजे एकाच्या मरणाची पाटी करून दुसऱ्याच्या वाटेवर लावायची. शिवाय ही पाटी वाचून कोणी थांबले नाही. १८ एप्रिल २०१५ रोजी एकाच तारवात आठशेच्या आसपास माणसे बुडाली. इटलीच्या नौदलाने पुढच्या वर्षी ते तारू समुद्रतळावरून वर काढले, आणि मिलानच्या न्यायवैद्यक तज्ज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ व त्यांचे सहकारी मृतांना नावे परत मिळवून देण्याच्या कामाला लागले. माली देशातील सुमारे चौदा वर्षांच्या एका मुलाच्या कपड्यात त्याचे शाळेचे प्रगतिपुस्तक शिवून ठेवलेले सापडले. दाराशी पोचल्यावर दाखवायला त्याने ते नेले असावे.

पुढची वाट कायद्याच्या अंगाने गेली. २००९ मध्ये इटलीने भर समुद्रात अडवलेल्या माणसांना स्वतःच्या जहाजांतून लिबियाला परत पोचवले होते. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ रोजी ते बेकायदा ठरवले. आपल्या जहाजावर घेतलेला माणूस आपल्या अधिकाराखाली येतो आणि छळ होईल अशा ठिकाणी त्याला परत लोटता येत नाही. निकाल चांगला होता. सरकारने त्यातून जो बोध घेतला तो असा, की माणूस आपल्या जहाजावर घ्यायचाच नाही. २ फेब्रुवारी २०१७ रोजी लिबियाशी करार झाला. नौका इटलीच्या, प्रशिक्षण इटलीचे, हात मात्र लिबियाच्या तटरक्षकांचे. अडवलेली माणसे ज्या कोठड्यांत परत जात, तेथील मारहाण, खंडणी व बलात्कार ह्यांविषयी संयुक्त राष्ट्रांचे अहवाल आहेत. २०२० आणि २०२३ मध्ये करार तसाच पुढे चालू राहिला. स्वयंसेवी संस्थांच्या बचावनौकांसाठी जानेवारी २०२३ मध्ये हुकूम निघाला की एक बचाव झाला की विनाविलंब नेमून दिलेल्या बंदराकडे निघायचे, आणि बंदर नेमले जाई ते बहुधा आंकोना, राव्हेन्ना असे दूर उत्तरेचे. दोर टाकू नका असे कोणी म्हटले नाही. फक्त एक दोर टाकला की दोर टाकणारा कित्येक दिवस समुद्राबाहेर राहील अशी तजवीज झाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये समुद्रातून उचललेल्या पहिल्या सोळा माणसांना, बांगलादेशी आणि इजिप्शियन, छावणीत ठेवण्यासाठी अल्बानियाला नेले गेले. नेणारे जहाज तेच, 'लिब्रा'. ह्या वेळी ते वेळेवर पोचले होते.

सरकारांच्या बाजूने बोलायचे तर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि रायगडच्या माणसाने ते ऐकून घेतले पाहिजे. लांपेदुसाची वस्ती सुमारे सहा हजार. सप्टेंबर २०२३ मध्ये काही दिवसांतच त्याहून अधिक माणसे तेथे उतरली. एखाद्या बेटाने किती सोसावे? किनारा उघडा राहिला तर काय होते, हे आपणही पाहिले आहे. १९९३ साली ह्याच जिल्ह्यात शेखाडीला स्फोटके उतरली, २००८ साली मारेकरी समुद्रावाटेच मुंबईत शिरले. कोळ्यांना ओळखपत्रे आणि किनाऱ्याला सागरी पोलीस ठाणी त्यानंतरच आली, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा ८८ जणांना वाचवले ते सागरी पोलिसांच्या गस्तीच्या नौकेने. पहारा आणि बचाव एकाच नौकेत बसू शकतात.

ख्रिस्तसभेची शिकवणही भाबडी नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२४१ क्रमांकाच्या परिच्छेदात संपन्न राष्ट्रांनी परक्याला शक्य तितका आश्रय द्यावा असे सांगितले आहे, आणि त्याच परिच्छेदात सार्वजनिक हितासाठी शासन स्थलांतराला अटी घालू शकते, येणाऱ्याने त्या देशाचे कायदे पाळावेत, हेही आहे. दाराला कडी लावण्याचा हक्क तिने नाकारलेला नाही. गंमत अशी की हा हक्क युरोपने स्वतः जेव्हा इतरांची दारे ठोठावली तेव्हा फारसा मानला नव्हता. सालामांका विद्यापीठातील डॉमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया ह्यांनी १५३९ मध्ये प्रतिपादन केले की कोणालाही उपद्रव न देता परक्या देशी जाण्याचा आणि राहण्याचा हक्क माणसाला निसर्गतःच आहे. तेव्हा जाणारे स्पॅनिश होते आणि दार अमेरिकेतील आदिवासींचे होते. आणि आपल्या चौलला १५२१ पासून किल्ला बांधू लागलेल्या पोर्तुगीजांनी तर ह्याच समुद्रात आपल्या व्यापाऱ्यांच्या गलबतांवर परवान्यांची सक्ती केली. परवाना नसेल तर गलबत जप्त. घरचा माणूस परवाना मागे आणि पाहुणा तो देई.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, हेही लिहून ठेवावे. मे २०२५ मध्ये काही रोहिंग्या निर्वासितांना अंदमानच्या समुद्रात उतरवून दिल्याचा आरोप झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्या कथनाच्या पुराव्याविषयी शंका व्यक्त केली, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञाने चौकशी सुरू केली. आरोप खरा की खोटा ह्याचा निवाडा मी करू शकत नाही. पण भूमध्य समुद्राकडे बोट दाखवताना हा प्रश्न आपल्याही धक्क्याला लागलेला आहे.

माल्टाचे नाव आले की मला 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाचे शेवटचे दोन अध्याय आठवतात. संत पौल कैदी होऊन रोमला निघाला असता वादळात जहाज फुटले. जहाजावर २७६ माणसे होती. आपण प्रवचनात सहसा पुढचा प्रसंग सांगतो. बेटावरच्या लोकांनी पाऊस व थंडी पाहून शेकोटी पेटवली आणि सर्वांना जवळ घेतले. माल्टात अजूनही १० फेब्रुवारीला ह्या घटनेचा सण होतो. पण त्याआधीचा क्षण आपण घाईने ओलांडतो. जहाज फुटताच शिपायांनी ठरवले की कैद्यांना मारून टाकावे, नाहीतर ते पोहत पळून जातील. शिपाई क्रूर होते असे समजायचे कारण नाही. कैदी निसटला तर रोमन नियमाप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या जिवावर बेतत असे. ते नियम पाळीत होते. त्याच जहाजावर, त्याच साम्राज्याच्या नोकरीत, एक शताधिपती होता. त्याने शिपायांना अडवले आणि आज्ञा केली की ज्यांना पोहता येते त्यांनी आधी उड्या घ्याव्यात, बाकीच्यांनी फळ्या धरून किनारा गाठावा. पौलाची बेडी त्याने काढून टाकली नाही. किनाऱ्यावर पोचल्यावर पौल कैदीच राहिला आणि कैदी म्हणूनच रोमला गेला. कैसराचा कायदा अबाधित राहिला आणि २७६ च्या २७६ माणसे वाचली. 'मारे नोस्त्रुम'च्या वर्षात इटलीच्या नौदलाने असा शताधिपती दाखवला होता, ही आठवण तेथील सरकारला अजून बोचत असेल अशी मला आशा आहे.

आपल्या किनाऱ्यावरही फुटक्या तारवातून आलेली माणसे आहेत. अलिबागच्या उत्तरेला नवगाव येथे बेने इस्रायल लोकांचे जुने कबरस्तान आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे छळापासून पळून निघालेल्या त्यांच्या पूर्वजांचे तारू येथे फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना नवगावच्या मातीत ठेवले गेले. त्या वेळी येथे राज्य कोणाचे होते, हे त्या कथेत येत नाही. वाचलेल्यांचे वंशज तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. किहीमकर, नवगावकर, रेवदंडेकर, पेणकर अशी ह्याच गावांची आडनावे त्यांनी घेतली. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तेथे त्यांचे ज्यूपणच धर्मपीठाने काही काळ संशयास्पद मानले आणि ते मान्य करून घेण्यासाठी त्यांना १९६४ पर्यंत झगडावे लागले. पुढे त्याच देशात त्यांनी मराठीतून एक त्रैमासिक काढले. त्याचे नाव त्यांनी 'मायबोली' ठेवले.